बाबांची पोटातली नळी काढली, गॉज लाल झालं आणि मी घाबरून गोळी बंद केली

एका ताईंचं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, गोष्ट एवढीच. वडील ७१ वर्षांचे, हृदयाचे ठोके अनियमित पडायचे, त्यातून स्ट्रोक झाला, गिळता येईना म्हणून पोटातून फीडिंग ट्यूब टाकली. सात महिने ट्यूब होती. हळूहळू गिळणं सुधारलं, गेले दोन महिने सगळं तोंडाने खातायत, वजन टिकलंय, म्हणून डॉक्टरांनी सोमवारी ओपीडीतच ट्यूब ओढून काढली आणि वर ड्रेसिंग लावून घरी पाठवलं. रात्री बघतात तर गॉज लालभडक. ताईंनी रात्रभरात सात वेळा ड्रेसिंग बदललं, दर वेळी थोडं रक्त. बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ती त्यांनी सोमवारी रात्रीपासून कुणाला न सांगता बंद केली. भाऊ लांब राहतो, तो फोनवर म्हणाला, "घाई केलीत, राहू द्यायची होती नळी." आता ताई विचारतात, "माझं चुकलं का, नळी परत टाकता येईल का, आणि गोळी पुन्हा कधी सुरू करू? बाबा मात्र पोटावरून हात फिरवत हलकं वाटतंय म्हणतात आणि मला रडू येतं."

ताई,

तुमचं पत्र बुधवारी वाचलं आणि वाचल्या वाचल्या तुम्हाला दोन ओळींचा मेल टाकला की बाकीचं सगळं बाजूला ठेवा, आधी डॉक्टरांना फोन करून सांगा की गोळीचे किती डोस चुकलेत. त्यावर तुमचं नुसतं "करते" आलं. म्हणून इथेही सुरुवात गोळीपासूनच करते, कारण तुमच्या अख्ख्या पत्रात मला ज्याची भीती वाटली ते गॉजवरचं रक्त नव्हतं.

बघा, बाबांना ती गोळी कशासाठी दिलीये? ठोके अनियमित असले की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली की स्ट्रोक. एकदा झालाय. गोळी त्यासाठीच आहे, दुसरा होऊ नये म्हणून. पोटावरच्या छोट्या भोकातून येणारं रक्त दिसतं, हाताला लागतं, चादरीला लागतं, म्हणून त्याची भीती मोठी वाटते, आणि गुठळी काही दिसत नाही. मला तुमच्यावर अजिबात रागवायचं नाहीये, रात्री दोन वाजता एकटं माणूस असंच करतं. पण दिसणाऱ्या छोट्या धोक्यापायी न दिसणारा मोठा धोका ओढवून घेतला गेला, हे मात्र खरंय.

आणि बंद करून लगेच फायदा होतो का, हेही गोळीगोळीवर आहे. अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन वगैरे नव्या गोळ्यांचा परिणाम साधारण एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणजे संरक्षणही तितक्याच पटकन जातं. वॉरफरिन असेल तर त्याचा असर उतरायला चार-पाच दिवस लागतात. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचं तर अजूनच वेगळं, त्या प्लेटलेट्सना निकामी करतात आणि नव्या प्लेटलेट्स यायला आठवडा-दहा दिवस जातात, म्हणजे आज रात्री अ‍ॅस्पिरिन नाही दिली म्हणून आज रात्रीचं रक्त थांबणार नाही. तुम्ही पत्रात गोळीचं नाव लिहिलं नाहीत म्हणून सगळ्याच सांगितल्या, शिवाय हे वाचणाऱ्या बाकीच्यांच्या घरी वेगवेगळ्या असणार.

आता परत सुरू कधी करायची हे मी सांगणार नाही, आणि तुम्हीही स्वतः ठरवू नका, भावानेही नको. डॉक्टर विचारतील, शेवटचा डोस कधी, रक्त आत्ता येतंय का, शी काळी आहे का. त्यावरून ते सांगतील लगेच घ्या किंवा अमुक वेळाने घ्या, वॉरफरिन असेल तर कदाचित आधी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, करायला सांगतील. चुकलेले डोस भरून काढायला एकदम दोन गोळ्या देऊ नका, हे मात्र पक्कं. आणि फोनवर "एक-दोन चुकल्या असतील" असं मोघम बोलू नका, लाज वाटते तरी नेमका आकडा सांगा. ओरडा बसला तर बसू दे.

आता रक्ताकडे येते.

मी सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढलीत, आणि नवी असताना अगदी हेच करायचे जे तुम्ही त्या रात्री केलंत. एका आजोबांची अशीच नळी निघाली होती, मला दाबून धरायला सांगितलं, मी दर अर्ध्या मिनिटाला गॉज उचलून बघायची, थांबलं का, थांबलं का. आमच्या मोठ्या सिस्टर आल्या, काही बोलल्या नाहीत, माझं मनगट धरून गॉजवर दाबून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. दहा मिनिटं आम्ही दोघी तशाच उभ्या. त्यानंतर उचललं तर कोरडं. रक्त गोठायला वेळ लागतो, आणि आपण बघायला म्हणून गॉज उचललं की ती कोवळी खपली गॉजला चिकटून वर येते, मग पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे ताई, सात वेळा ड्रेसिंग बदललं म्हणून तुम्ही जास्त काळजी घेतली असं तुम्हाला वाटतंय, पण बहुतेक सातही वेळा खपली तुम्हीच काढलीत. जास्त वेळा बदलणं म्हणजे जास्त स्वच्छता, हा समज घरोघरी असतो.

दाबायचं कसं ते नीट सांगते. बाबांना उताणं झोपवा, गुडघ्याखाली उशी, म्हणजे पोट सैल पडतं. हात धुवा, ग्लोव्हज असतील तर घाला. स्वच्छ गॉजची छोटी जाड घडी करा, कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. घडी बरोबर भोकावर ठेवून दोन-तीन बोटांनी सरळ खाली दाबा, तळहाताने अख्ख्या पोटावर दाबून उपयोग नाही. घड्याळ लावून दहा मिनिटं, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पंधरा, आणि मध्ये बघायचं नाही. गॉज भिजलं तर ते काढायचं नाही, वर दुसरं ठेवायचं. थांबलं नाही तर आणखी एकदा तेवढाच वेळ. त्या दुसऱ्या वेळेनंतरही वाहतच असेल तर तिसरा प्रयत्न घरी करू नका, दाबून धरूनच हॉस्पिटल गाठा. थांबलं तर ते गॉज तसंच राहू द्या आणि टेप लावा. सकाळी बदलताना चिकटलेलं असेल तर खेचू नका, सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवा, पाच मिनिटांत आपोआप सुटतं. हायड्रोजन पेरॉक्साइड, पावडर, घरातला कुठला लेप, यातलं काही त्या भोकात नको.

मुळात रक्त येतंच का? या पद्धतीची नळी १९८० सालापासून माहीत झाली, गॉडरर आणि पॉन्स्की या दोन डॉक्टरांनी एंडोस्कोपीच्या मदतीने पोट न उघडता नळी टाकायची ही रीत त्या साली प्रसिद्ध केली. त्यात पोटाच्या भिंतीतून जठरापर्यंत एक बोगदा तयार होतो आणि नळीभोवती शरीर स्वतःच त्याला अस्तर लावतं. हे अस्तर म्हणजे लालसर, मऊ, भरपूर बारीक रक्तवाहिन्यांचं मांस, नुसता स्पर्श झाला तरी रक्त येतं. नळीच्या आतल्या टोकाला अडसर असतो, ती आपोआप निसटू नये म्हणून. कुठल्या नळीत तो पाण्याचा फुगा असतो, पाणी काढलं की सहज निघते. कुठल्या नळीत मात्र रबरासारख्या चकतीचा असतो, ती दुमडून त्या अरुंद बोगद्यातून ओढून काढतात, आणि येताना अस्तर थोडं खरचटतंच. तुम्ही "ओढून काढली, बाबा कळवळले" असं लिहिलंय त्यावरून बाबांची चकतीवाली असावी. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गॉजवर थोडं रक्त दिसणं, यात नवल काही नाही.

भोकाला टाके घालत नाहीत, तेही तुम्हाला खटकलं असणार. ते मुद्दाम. नळी निघाली की बोगदा काही तासांतच आवळायला लागतो आणि बहुतेकांचा एक ते तीन दिवसांत बंद होतो, काहींना आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर जठरातलं पाणी थोडं झिरपतं, आणि गंमत अशी की जठरातलं आम्ल रक्ताची गुठळी नीट धरू देत नाही, म्हणून ओलं राहिलं की रक्तही रेंगाळतं. शिवाय थोडं रक्त त्या पाण्यात मिसळलं की सगळं गॉज गुलाबी होतं आणि आपल्याला वाटतं एवढं रक्त गेलं! एक करून बघा, कोरड्या गॉजवर एक छोटा चमचा पाणी रंगवून ओता, बघा किती दूर पसरतं. माझ्याकडे घाबरून येणाऱ्या नातेवाइकांना मी हे करून दाखवायचे, निम्मी भीती तिथेच जायची.

पण म्हणून कधीच घाबरायचं नाही असं नाही हं. गॉजवर पेनने डागाची कडा आखा आणि वेळ लिहा. अर्ध्या तासात डाग कडेच्या बराच बाहेर गेला, किंवा पूर्ण गॉज भिजून वरून गळायला लागलं, किंवा रक्ताच्या गुठळ्या यायला लागल्या, तर थांबू नका. आणि बाहेर एक थेंब नसतानाही आत रक्त जाऊ शकतं, ते लक्षात ठेवायचं जास्त महत्त्वाचं. शी डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची होणं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चुऱ्यासारखं काही येणं, उठून बसल्यावर चक्कर, थंड घाम, चेहरा पांढराफटक, बसल्या जागी नाडी शंभराच्या वर, पोट फुगणं किंवा लाकडासारखं कडक होणं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, भोकाच्या आजूबाजूला निळा-जांभळा डाग पसरत जाणं किंवा आत गाठ हाताला लागणं. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की पहाट, सरळ कॅज्युअल्टी. सोबत ताप आला किंवा भोकाभोवती लाल गरम झालं तर ते इन्फेक्शनकडे जातं, त्यासाठीही फोन करा.

दोन फसव्या गोष्टी. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शी काळी होतेच, पण ती डांबरासारखी चिकट नसते आणि तसा वास नसतो, तरी शंका असेल तर विचारा. दुसरं, मेटोप्रोलॉलसारखी ठोके हळू करणारी गोळी बाबांना असेल, आणि असण्याची शक्यता आहे, तर रक्त जाऊनही नाडी फारशी वाढत नाही, म्हणून नाडी ठीक आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, चक्कर आणि चेहरा बघा.

हॉस्पिटलला जायची वेळ आली तर निघताना बाबांना खायला-प्यायला देऊ नका, एंडोस्कोपी करावी लागली तर पोट रिकामं लागतं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या, आठवून सांगण्याच्या भानगडीत पडू नका. तिथे काय करतील याची भीती असेल तर सांगते, बऱ्याचदा पुन्हा नीट दाबून धरण्यातच भागतं, नाहीतर बाहेरच्या मांसाला सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे रक्त थांबवणारं रसायन, लावतात किंवा एखादा टाका घालतात. आतून येत असेल तर एंडोस्कोपीतून क्लिप वगैरे लावतात. रक्ताच्या तपासण्या करतील, हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स, आयएनआर. सिल्व्हर नायट्रेट लावलं तर ती जागा नंतर राखाडी-काळी दिसते, ते जळलं किंवा सडलं असं समजून पुन्हा धावत जाऊ नका, एका काकूंनी तसं केलं होतं आणि अर्धी रात्र बाकावर काढली.

आता तुमचा मोठा प्रश्न, घाई झाली का. मला उलट विचारायचंय, रक्त आलं म्हणजे निर्णय चुकला असं कुणी ठरवलं? नळी काढायची की नाही हे गिळणं सुरक्षित आहे का, नळीविना पोटभर खाणं होतं का, वजन टिकतंय का, यावरून ठरतं, आणि बाबांचं दोन महिने ते सगळं जमतंय. काढताना रक्त येणं ही वेगळी गोष्ट आहे, नळी आणखी सहा महिन्यांनी काढली असती तरी रक्त आलं असतं. नळी राहू दिली तर सगळं सुरक्षित, हाही तुमच्या भावाचा समज आहे. न लागणारी नळी ठेवली की भोवतीचं मांस वाढतं, झिरपतं, कातडी सोलवटते, आतली चकती कधी जठराच्या भिंतीत रुतून बसते, मग ती काढणं खरंच अवघड जातं.

परत टाकता येते का, तर हो, पुढे कधी गिळणं बिघडलंच तर नव्याने टाकता येते. पण आत्ता रक्त येतंय म्हणून त्या भोकात काही घालून ठेवायचं, हा विचार डोक्यातून काढा, त्याने रक्त थांबणार नाही, वाढेल. ज्यांच्या घरी नळी अजून लागतेय आणि ती चुकून निघाली, त्यांचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे बरं का, टाकून चार आठवडेही झाले नसतील तर बोगदा पक्का नसतो, ती स्वतः आत ढकलायची नाही, खायला द्यायचं नाही, तसंच हॉस्पिटलला जायचं. जुनी असेल तरी लगेच जायचं, कारण भोक काही तासांत आवळतं.

नाकातली नळी काढल्यावर नाकातून रक्त आलं असं विचारणारीही दोन पत्रं पडून आहेत, त्यांना इथेच सांगून टाकते. बसवून पुढे झुकवा, मागे नाही, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा ते पंधरा मिनिटं धरा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगा. तेवढ्याने थांबलं नाही तर दाखवा.

लहान मुलांच्या आईवडिलांसाठी एवढंच की नळी खूप महिने राहिलेली असली तर भोक आपोआप बंद न होण्याची शक्यता मुलांमध्ये बऱ्यापैकी असते. महिना झाला तरी झिरपत असेल तर सर्जनना दाखवा, छोटंसं ऑपरेशन करून बंद करतात.

ताई, पुढचे काही दिवस बाबांना थोडं थोडं पण जास्त वेळा खायला द्या, जठर तुडुंब भरलं की भोकावर ताण येतो. खोकला आला की त्यांनाच तळहात ड्रेसिंगवर दाबून धरायला शिकवा, शिंकतानाही. कुंथायला लागू नये, बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टरांना औषध विचारा. पायजम्याची नाडी भोकावर येऊ देऊ नका. दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं का ते विचारून द्या, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नकोच, ती रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर रक्तस्राव वाढवतात, आणि ती घरातल्या डब्यात कुठेतरी पडलेली असतातच. कातडी ओली राहून लाल होत असेल तर झिंक ऑक्साइडचं मलम भोकाच्या भोवती, आत नाही. शॉवरची अंघोळ कधीपासून ते डॉक्टरांना विचारा, साधारण एक-दोन दिवसांनी हो म्हणतात, टबात किंवा पाण्यात डुंबणं मात्र पूर्ण बंद होईपर्यंत नाही.

आणि भावाचं. त्याला गोळीचं सांगा. मला कळतंय की "तूच बंद केलीस ना" हे ऐकायची तुमची तयारी नाही, पण लपवलेली गोष्ट पुढच्या वेळी तुम्हालाच आणखी एकटं पाडते. त्याला मत द्यायला ठेवू नका, काम द्या. रात्री दोनला गॉज लाल झालं तर डॉक्टरांना किंवा हॉस्पिटलला फोन त्याने करायचा, कारण तुमचे दोन्ही हात बाबांच्या पोटावर असतील. लांबून हे सहज जमतं, आणि एकदा रात्री उठून फोन लावला की "राहू द्यायची होती" म्हणणं जरा कमी होईल असा माझा अंदाज आहे.

बाबा हलकं वाटतंय म्हणतात ते त्यांना म्हणू द्या, आणि तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या, ड्रेसिंग तोवर हलणार नाहीये.

"करते" च्या पुढे काय झालं ते मात्र कळवा. डॉक्टर गोळीचं काय म्हणाले, तेवढं एका ओळीत.